डोंगरउतारावरील वाड्या, दरडीचा धोका आणि सरकारी अनुदान

ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड हे दोन तालुके सह्याद्रीच्या मुख्य रांगेला पश्चिमेकडून बिलगून आहेत. उत्तरेस कसारा घाटापासून निघून आजोबाचा डोंगर, माळशेज, नाणेघाट अशी ही रांग दक्षिणेस सिद्धगड व भीमाशंकरच्या कड्यापर्यंत सलग उभी आहे. भातसा, काळू, शाई या नद्या व त्यांना मिळणारे असंख्य ओहोळ तिच्यातूनच उतरतात. कड्याच्या पायथ्याशी, सोंडांवर व माचीवर ठाकूर, महादेव कोळी, कातकरी व कुणबी समाजाच्या वाड्या आणि पाडे विखुरलेले आहेत. खालच्या अंगाला भाताची खाचरे, त्यांच्या वर नागली-वरईची वरकस जमीन आणि त्याहून वर जंगल, अशी येथील शेतीची ठेवण आहे. वर्षाकाठी सुमारे २,५०० मिलिमीटर पाऊस येथे पडतो, व तो जवळजवळ सर्व चार महिन्यांतच पडतो.

अशा प्रदेशात दरड कोसळणे ही नवी गोष्ट नाही. माळशेज घाटात किंवा कसारा घाटात रस्त्यावर दगड आले, वाहतूक बंद पडली, ही बातमी प्रत्येक पावसाळ्यात कानी येते. जुलै २०२१ मधील अतिवृष्टीत कसारा घाटातील रेल्वेमार्ग दरडींमुळे बंद पडला होता; जुलै २०२४ मध्ये माळशेज घाटात रिक्षावर दरड कोसळून दोघांचा मृत्यू झाला. रस्त्यावरील व रेल्वेवरील दरडींकडे त्या त्या खात्याचे लक्ष असते, तेथे जाळ्या बसतात, यंत्रे उभी राहतात. प्रस्तुत लेखाचा विषय त्याहून वेगळा आहे. वाडीच्या पाठीमागचा मातीचा उतारच्या उतार सुटून घरांवर येतो, त्या दरडीविषयी येथे लिहावयाचे आहे. अशा दरडीकडे पाहणारे खाते बहुधा एकही नसते. तिच्यासाठी पैसा मात्र उपलब्ध असतो, आणि तो कोणत्या शीर्षाखाली, कोणत्या कामासाठी व कोणाकडे मागावयाचा हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस ठाऊक नसल्याने तो मागितलाच जात नाही.

दरड कशामुळे सुटते

सह्याद्रीचा हा भाग काळ्या कातळाच्या, म्हणजे बेसाल्टच्या, एकावर एक पसरलेल्या थरांनी बनलेला आहे. दोन थरांच्या मध्ये कित्येक ठिकाणी तांबड्या मातीचा पातळ पट्टा असतो. कड्यावरून हजारो वर्षे झिजून पडलेली माती व दगडगोटे पायथ्याशी व माचीवर साचलेले असतात. वाड्यांची घरे, वरकस शेते व खाचरे बहुधा याच भरावावर वसलेली असतात. खाली कातळ, वर सुटी माती. पावसाचे पाणी मातीत मुरते, कातळापाशी अडते व तेथून वाट काढू लागते. माती पुरती भिजली की तिचे वजन वाढते आणि कणाकणांतील पकड ढिली होते. उतार उभा असेल तर मग एका क्षणी तो सारा भार कातळावरून घसरतो.

हे पाणी किती असते याचा हिशेब एकदा करून पाहण्यासारखा आहे. १ हेक्टर क्षेत्रावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर तेथे १० लाख लिटर पाणी पडते. उन्हाळ्यात शहापूर तालुक्यातील अनेक पाडे ज्या टँकरची वाट पाहतात, तसे १० हजार लिटरचे १०० टँकर! रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीच्या परिसरात जुलै २०२३ मध्ये तीन दिवसांत ४९९ मिलिमीटर पाऊस झाल्याची नोंद सरकारने दिली. म्हणजे दर हेक्टरी सुमारे ५०० टँकर पाणी. त्यातील किती वाहून गेले व किती मुरले यावर सारे अवलंबून असते.

मावळात आंबेगाव तालुक्यातील माळीण हे गाव ३० जुलै २०१४ च्या सकाळी याच रीतीने गाडले गेले व १५१ माणसे दगावली. गाव जागेवर नाही हे बाहेरच्या जगाला कळले ते तेथे पोहोचलेल्या एस. टी. च्या चालकामुळे. भीमाशंकरचे जंगल ओलांडले की माळीणचे खोरे लागते. मुरबाडच्या सिद्धगड परिसरातील लोकांस ते परके नाही. महाड तालुक्यातील तळिये येथे २२ जुलै २०२१ रोजी ऐंशीहून अधिक माणसे गेली. खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री ढिगाऱ्याखाली गेली. २७ मृतदेह हाती लागले व ५७ जण बेपत्ता राहिले. जुलैचा उत्तरार्ध, सलग दोन-तीन दिवसांची संततधार आणि पाठीशी उभा डोंगर, हे तिन्ही ठिकाणी समान आहे. शहापूर व मुरबाडच्या डोंगरकडेच्या वाड्यांची ठेवण यांहून फारशी निराळी नाही.

दरड कोसळल्यानंतरचे साहाय्य

ग्रामसेवकांस व शेतकऱ्यांस जे अनुदान परिचित आहे ते बहुतेक नुकसानभरपाईच्या स्वरूपाचे आहे. ते राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून मिळते. चक्रीवादळ, पूर, गारपीट यांप्रमाणेच दरड कोसळणे ही या निधीच्या यादीतील आपत्ती आहे. केंद्र सरकारने २०२२ ते २०२६ या कालावधीसाठी ठरविलेल्या निकषांप्रमाणे मृत व्यक्तीच्या वारसांस ४ लाख रुपये, डोंगराळ भागातील पूर्णतः पडलेल्या पक्क्या घरास १ लाख ३० हजार रुपये, दुभत्या गाईस किंवा म्हशीस ३७ हजार ५०० रुपये, बैलास ३२ हजार रुपये असे दर होते. शेतात ३ इंचांहून अधिक जाडीचा गाळ किंवा वाळू साचली तर ती काढण्यासाठी हेक्टरी १८ हजार, आणि दरडीमुळे किंवा नदीने पात्र बदलल्यामुळे जमीनच गेली तर अल्प व अत्यल्प भूधारकांस हेक्टरी ४७ हजार रुपये.

हे आकडे मुद्दाम दिले आहेत. एक खाचर बांधून, गाळ धरून, पाण्यास योग्य करून घेण्यास शेतकऱ्याच्या दोन-दोन पिढ्या खर्ची पडतात. हेक्टरी ४७ हजार रुपयांत ते परत उभे राहत नाही. येथील शेतकऱ्यांच्या जमिनी तर हेक्टराच्या अपूर्णांकांत असतात, तेव्हा प्रत्यक्ष हाती पडणारी रक्कम किती हे ज्याचे त्याने ताडावे. भरपाई घ्यावी, तिचा पंचनामा तलाठी (आताचे ग्राम महसूल अधिकारी), ग्रामसेवक व कृषी सहायक यांनी मिळून वेळेवर करावा, यात शंका नाही. परंतु तिला धोका कमी करणारे अनुदान म्हणता येणार नाही.

धोका कमी करण्यासाठीचा निधी

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५ या कायद्यातच प्रतिसादासाठी एक निधी व सौम्यीकरणासाठी दुसरा निधी, अशी दोन स्वतंत्र निधींची तरतूद आहे. सौम्यीकरण म्हणजे संकट येण्यापूर्वी त्याचा जोर व त्याची झळ कमी करणे. कित्येक वर्षे यातील पहिलाच निधी चालू होता. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी राज्यांना द्यावयाच्या एकूण आपत्ती निधीतील ८० टक्के प्रतिसादासाठी व २० टक्के सौम्यीकरणासाठी, अशी वाटणी करून दिली आणि मग राज्य आपत्ती सौम्यीकरण निधीस खरा प्रारंभ झाला. महाराष्ट्राच्या वाट्यास २०२१-२२ या एकाच वर्षासाठी या २० टक्क्यांत सुमारे ८५९ कोटी रुपये येत होते. त्यांतील ७५ टक्के केंद्राचे व २५ टक्के राज्याचे.

रकमेहून अधिक महत्त्वाची आहे ती आयोगाने घातलेली अट. हा निधी स्थानिक पातळीवरील, लोकसमूहाच्या सहभागाच्या, वस्ती व उपजीविका सुरक्षित करणाऱ्या कामांसाठी वापरावा, आणि समुद्रभिंती, पूरबंधारे यांसारखी प्रचंड बांधकामे नेहमीच्या विकास योजनांतून करावी, असे आयोगाने स्पष्ट म्हटले. याचा अर्थ असा की, वीस-पंचवीस घरांच्या वाडीच्या पाठीमागे पाण्याचा निचरा करणारी गटारे, पायथ्याची दगडी भिंत, ओहोळाचे पात्र मोकळे करणे, ही कामे या निधीच्या मूळ हेतूतच बसतात. वाडी लहान म्हणून प्रस्ताव लहान, आणि लहान प्रस्ताव कोण पाहणार, असा जो समज आहे तो निराधार आहे.

याखेरीज केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये १५ राज्यांसाठी १,००० कोटी रुपयांचा राष्ट्रीय दरड-धोका सौम्यीकरण प्रकल्प मंजूर केला; त्यात महाराष्ट्राचा वाटा १०० कोटींचा आहे. कोकणातील जिल्ह्यांसाठी राज्याने कोकण आपत्ती सौम्यीकरण प्रकल्प हाती घेतला असून दरडप्रतिबंधक कामे, भूमिगत वीजवाहिन्या व निवारा केंद्रे यांचा त्यात समावेश आहे. ठाणे जिल्हा कोकण विभागातच मोडतो, हे येथे सांगितले पाहिजे, कारण ‘कोकण’ म्हटले की रायगडच्या खालचा मुलूख असा येथील लोकांचाही समज असतो.

या सर्व निधींचा मार्ग जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणातून जातो. त्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. ग्रामसभेचा ठराव तहसीलदारांकडे, तेथून प्राधिकरणाकडे. मग भूवैज्ञानिकांची पाहणी, बांधकाम खात्याचे अंदाजपत्रक व अखेर राज्य शासनाची मंजुरी, असा हा क्रम आहे. तो लांबलचक आहे हे खरे. म्हणूनच पावसाळा तोंडावर आल्यावर केलेला ठराव त्या वर्षी निरुपयोगी ठरतो. दिवाळीनंतरच्या ग्रामसभेत केलेला ठराव पुढील वर्षाच्या आराखड्यात बसू शकतो.

ठरावात काय असावे

येथे एका गोष्टीचा उलगडा केला पाहिजे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने २०१४ पासून देशातील दरडप्रवण प्रदेशांचे नकाशे तयार केले आहेत. ते मोलाचे आहेत व संगणकावर कोणासही पाहता येतात. परंतु त्यांचे प्रमाण ५० हजारास एक असे आहे, म्हणजे नकाशावरील १ सेंटिमीटर हे जमिनीवरील ५०० मीटर होय. १०० मीटर रुंदीची वाडी अशा नकाशावर २ मिलिमीटरची दिसते. डोंगराचा कोणता भाग धोक्याचा हे तो सांगतो. कोणत्या घरामागचा बांध फुगला आहे हे सांगणे त्याचे काम नव्हे. इर्शाळवाडीचे नाव सरकारच्या दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हते, हे दुर्घटनेनंतर सरकारनेच सांगितले. तेव्हा आपल्या वाडीचे नाव यादीत नाही म्हणून कार्यकर्त्याने स्वस्थ बसू नये. यादीत नाव असलेले गाव व त्या गावाची डोंगरातील वाडी या एकमेकींपासून दोन-तीन किलोमीटर दूर असू शकतात, ही आपल्याकडची नेहमीचीच गोष्ट आहे.

‘आमच्या गावास दरडीचा धोका असून शासनाने योग्य ती कार्यवाही करावी,’ असा एका वाक्याचा ठराव कचेऱ्यांतून नेहमी दिसतो. त्यावर कोणताही अधिकारी फारसे काही करू शकत नाही. ठरावात वाडीचे नाव, गट क्रमांक, वरचा उतार वनखात्याचा असल्यास त्याचा कक्ष क्रमांक, घरांची व माणसांची संख्या, शेवटच्या घरापासून उताराच्या पायापर्यंतचे अंतर, हे सर्व आकड्यांत असावे. त्यानंतर खुणा लिहाव्या. उतारावर आडवी भेग पडली आहे काय, ती किती लांब व किती रुंद आहे, गेल्या वर्षी ती किती होती. झाडे किंवा विजेचे खांब कलले आहेत काय. घराच्या मागच्या भिंतीस तडा जाऊन दारे अडकू लागली आहेत काय. पायथ्याशी जमीन फुगली आहे काय. जेथे कधी पाणी नव्हते तेथे झरा फुटला आहे काय, किंवा नेहमीचा झरा अचानक गढूळ झाला अथवा आटला आहे काय. प्रत्येक खुणेपुढे ती दिसल्याचा महिना व वर्ष घालावे. भेगेच्या दोन्ही बाजूंस एकेक खुंटी ठोकून त्यांतील अंतर दर पंधरवड्यास मोजून ठेवले तर तो पुरावा कोणत्याही अर्जाहून बोलका ठरतो. वाडीतील वृद्धांस विचारून पूर्वी कोणत्या बाजूने माती आली होती तेही नोंदवावे. पायथ्याशी विखुरलेले मोठे धोंडे कोठून आले हे म्हाताऱ्या माणसांस बहुधा ठाऊक असते, निदान त्यांच्या आजोबांनी काय सांगितले ते तरी ठाऊक असते.

अखेरीस, काय हवे ते लिहावे. भिंत हवी, निचरा हवा की वाडी हलवावयाची आहे, याविषयी ग्रामसभेचे मत ठरावात असले म्हणजे भूवैज्ञानिकास पाहणीची दिशा मिळते. शहापूर तालुका संपूर्ण व मुरबाड तालुक्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. पेसा कायद्याखाली तेथे वाडीची स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकते. २०१५ पासून पेसा ग्रामपंचायतींस आदिवासी उपयोजनेतून मिळू लागलेला अबंध निधीही ग्रामसभेच्या निर्णयानुसार खर्चावयाचा असतो. मोठे काम त्यातून होणार नाही. परंतु मोजणी, नकाशा, साचलेली मोरी मोकळी करणे, ओहोळावरील लहानसा साकव यांस तो पुरेसा असतो, आणि यासाठी मंत्रालयापर्यंत जावे लागत नाही.

चर कोठे खणावा

आता कृषी खात्याच्या स्वतःच्या योजनांकडे वळू. सर्वांत अधिक विचार करण्याजोगा भाग हाच आहे असे मला वाटते.

‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही शिकवण गेली कित्येक वर्षे आपण सर्वांनी गावोगाव पोहोचविली. पाणलोट विकासाच्या कार्यक्रमांतून, जलयुक्त शिवारातून, रोजगार हमीच्या कामांतून सलग समतल चर, दगडी बांध, मजगी ही कामे झाली. २०२१ पासूनच्या केंद्रीय पाणलोट विकास कार्यक्रमात डोंगराळ क्षेत्रासाठी हेक्टरी २८ हजार रुपयांपर्यंत खर्चाची मर्यादा ठेवण्यात आली. कमी पावसाच्या देशावर या कामांनी मोठे हित साधले, आणि आपल्याकडेही उन्हाळ्यातील टंचाई पाहता माथ्यावर पाणी मुरविणे आवश्यकच आहे. परंतु ज्या उताराच्या पायथ्याशी घरे आहेत, त्या उतारावर पाणी मुरविणे म्हणजे घरांच्या डोक्यावर भार चढविणे होय. ६० सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर खोल असा १०० मीटर लांबीचा चर १८ हजार लिटर पाणी धरतो. असे दहा चर एकाखाली एक असले म्हणजे १८० टन पाणी एकाच भरणीत सुट्या मातीच्या कुशीत गेले, आणि आषाढात अशा कितीतरी भरण्या होतात.

म्हणून वाडीच्या थेट वरच्या उतारावर पाणी अडविणारा चर घेऊ नये. तेथे पाणी काढून देणारा चर घ्यावा. या दोहोंतील भेद मजुरांस व मुकादमास जागेवर समजावून दिला पाहिजे. पहिला अगदी समपातळीत असतो. दुसऱ्यास १०० मीटर लांबीस अर्ध्या मीटरपासून एक मीटरपर्यंत उतार दिलेला असतो. तो उताराच्या माथ्याशी, घट्ट जमिनीतून किंवा कातळावरून नेतात, त्याच्या तळाशी व बाजूंस दगड बसवितात, आणि त्याचे तोंड वाडीपासून दूर एखाद्या पक्क्या ओहोळात सोडतात. तोंडाशी दगडांची पायरी नसेल तर पाणी तेथे नवी घळ पाडते व एक धोका टळून दुसरा उभा राहतो. जुने समतल चर वाडीवर आधीच खणलेले असल्यास त्यांची टोके फोडून ते या निचऱ्याच्या चरास जोडून घ्यावे. दोन्ही प्रकारच्या चरांस मजुरी जवळजवळ सारखीच लागते. अनुदानाच्या अंदाजपत्रकात फक्त ‘चर’ असे न लिहिता कोणता चर हे लिहिले जाणे, एवढाच काय तो फरक.

उतार कापून नवी खाचरे काढण्याच्या कामासही हेच लागू आहे. जुन्नर-आंबेगावकडे यास पडकई म्हणतात व आदिवासी शेतकऱ्यांसाठी त्या नावाचा सरकारी कार्यक्रमही होता. माळीणच्या दुर्घटनेनंतर, यंत्राने केलेल्या सपाटीकरणाचा तिच्यात काही हात असावा असे मत मांडले गेले. त्यावर तज्ज्ञांत एकमत नाही. अतिवृष्टी हे मुख्य कारण होते याविषयी मात्र दुमत नाही. तथापि कुदळीने हळूहळू कापलेला, दगडी ताल घालून बसविलेला बांध आणि खोदयंत्राने दोन दिवसांत उताराचा पाय कापून लोटलेला भराव यांत अंतर आहे, हे कोणताही अनुभवी शेतकरी सांगेल. उताराचा पाय हा त्या साऱ्या मातीचा टेकू असतो. घराची पडवी वाढविण्यासाठी, रस्त्यासाठी किंवा खाचरासाठी तो कापला गेल्यास तेथे दगडी भिंत घातल्यावाचून पावसाळा काढू नये. भिंतीत दर दीड-दोन मीटरवर पाणी निघण्यासाठी भोके ठेवावी व पाठीमागे बारीक-जाड दगडांचा थर द्यावा. भोके नसलेली सिमेंटची भिंत दिसावयास सुबक दिसते, पण पाठीमागे पाणी साचून ती फुगते. तारेच्या जाळीत दगड भरून रचलेली भिंत या कामी अधिक चांगली. ती थोडी वाकते, पाणी सोडते व तिच्यासाठी लागणारा दगड शेजारीच असतो.

लागवडीविषयी थोडक्यात. वाळ्याच्या गवताची मुळे सरळ दोन-तीन मीटर खोल जातात. चराच्या खालच्या काठावर व बांधांवर त्याची ओळ लावावी. बांबू ओहोळाच्या काठी उत्तम. झाडांची मुळे वरची माती धरून ठेवतात, परंतु भिजलेला खोल भराव कातळावरून सुटला तर झाडांसकट खाली येतो. तेव्हा वृक्षलागवडीच्या अनुदानावर समाधान मानून निचऱ्याचे काम टाळू नये. फळबाग योजनेतील आंब्या-काजूचे खड्डे वाडीवरच्या उभ्या उतारावर घेऊ नयेत, कारण तो प्रत्येक खड्डा पावसाळ्यात एक लहान डबके होतो.

वरचा उतार पुष्कळदा वनजमिनीत असतो. तेथे कामापूर्वी वनखात्याची संमती लागते. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांस जंगलाचे संरक्षण व संवर्धन करण्याचा अधिकार २००६ च्या वनहक्क कायद्याने दिलेला आहे. त्यांनी आपल्या व्यवस्थापन आराखड्यातच हे काम घालावे म्हणजे वेगळा पत्रव्यवहार वाचतो.

घरकुल व गावठाण

घरकुलाच्या योजना येथे मोठ्या प्रमाणावर राबविल्या जातात. प्रधानमंत्री आवास योजनेतून डोंगराळ भागास १ लाख ३० हजार रुपये, आदिवासी कुटुंबांस शबरी योजनेतून घर, आणि कातकरी समाजासाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या जनमन अभियानातून २ लाख रुपये, असे साहाय्य ठरविण्यात आले. शहापूर येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय यांतील काही योजनांचे काम पाहते. घरकुल मंजूर होते ते कुटुंबास. जागा कोणती याची पाहणी बहुधा ‘स्वतःची आहे काय’ एवढ्यापुरती होते. उताराच्या पायथ्याशी कुडाचे घर होते तेथेच पक्के घर बांधले की ते कुटुंब पुढील तीस वर्षे त्याच जागी बांधले जाते. कुडाचे घर सोडून माणूस सहज हलतो. आयुष्यात एकदाच मिळणारे पक्के घर सोडण्यास तो तयार होत नाही, व त्यास दोषही देता येत नाही. म्हणून जागेचे छायाचित्र घेताना ग्रामसेवकाने घराच्या पाठीमागचा उतारही छायाचित्रात घ्यावा, आणि शंका असल्यास पहिला हप्ता देण्यापूर्वी ती लेखी कळवावी. जागा नसलेल्या लाभार्थ्यांस जागा विकत घेण्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची अर्थसाहाय्य योजना आहे. प्रारंभी तीत ५० हजार रुपये मिळत, पुढे ही मर्यादा १ लाखापर्यंत नेण्यात आली. अनुसूचित क्षेत्रात घरांसाठी वनजमीन मिळण्याची वाट २०२० सालच्या राज्यपालांच्या अधिसूचनेने मोकळी केली आहे.

संपूर्ण वाडी हलविण्याचा प्रश्न याहून अवघड असतो. ‘गुरे कोठे बांधावयाची, खाचरावर रोज किती चालावयाचे, देव वर राहिला तर जत्रेचे काय?’ हे प्रश्न ग्रामसभांतून हटकून विचारले जातात व ते अगदी रास्त आहेत. ज्या पुनर्वसनात गोठ्यास व उकिरड्यास जागा नाही ते शेतकऱ्याचे पुनर्वसन नव्हे. माळीणचे नवे गावठाण २०१७ मध्ये बांधून लोकांच्या हवाली करण्यात आले. पहिल्याच पावसाळ्यात तेथील भराव खचल्याच्या व रस्त्यांस तडे गेल्याच्या तक्रारी झाल्या. डोंगरउतार कापून केलेल्या सपाटीवर नवी वस्ती बसविताना निचऱ्याचे काम घरांच्या आधी पुरे झाले पाहिजे, हे त्यावरून दिसून येते. जागा निवडताना जुन्या शेताच्या दोन-तीन किलोमीटरांच्या आत, ओहोळाच्या तोंडापासून बाजूस व शक्य तर कातळावरील माळ पाहावा. असे माळ आपल्याकडे आहेत. कातळावर पीक येत नाही म्हणून ते मोकळे राहिले आहेत.

पावसाळ्यापूर्वी

निधी येईपर्यंतचा पावसाळा वाडीस काढावयाचाच असतो. मे महिन्याच्या अखेरीस वाडीवरची प्रत्येक मोरी, गटार व ओहोळाचे तोंड मोकळे करून घ्यावे. उतारावरील भेगा चिकण मातीने ठासून बंद कराव्या व त्यांत पाणी जाऊ नये म्हणून वरच्या अंगास लहानसा वरंबा घालावा. खाचरातील पाणी काढण्याची तोंडे रात्री बांधून ठेवण्याची रीत आहे. संततधारेत वाडीवरच्या खाचरांची तोंडे मोकळी ठेवावी, चार दिवस आवण्यांस कमी पाणी मिळाले तरी चालेल.

प्रत्येक वाडीत पाऊस मोजला जावा. सरकारी पर्जन्यमापक महसूल मंडळाच्या ठिकाणी असतो. डोंगराच्या कुशीतील पाऊस त्याहून पुष्कळ अधिक असू शकतो. सरळ भिंतीचा, रुंद तोंडाचा कोणताही डबा उघड्यावर, झाडापासून दूर, गुडघाभर उंचीच्या दगडावर पक्का बसवावा. रोज सकाळी आठ वाजता त्यात पट्टी उभी धरावी. १ सेंटिमीटर पाणी म्हणजे १० मिलिमीटर पाऊस. आकडा वहीत लिहून डबा रिता करावा. हे काम अंगणवाडी सेविकेने किंवा शाळेतील वरच्या वर्गाच्या मुलांनी करावे, त्यास खर्च नाही. वहीत दोन-तीन पावसाळ्यांची नोंद झाली की किती पावसानंतर झरे गढूळ होतात, किती पावसानंतर भेगेच्या खुंट्या सरकतात, हे त्या वाडीपुरते समजू लागते. मोठ्या पावसाच्या रात्री कोणत्या घरांनी उठून शाळेत किंवा समाजमंदिरात जावयाचे, म्हाताऱ्यांस कोणी उचलावयाचे, गुरांचे दावे कोणी सोडावयाचे व निरोप कोणी द्यावयाचा, ही नावे पोलीस पाटलाकडे मे महिन्यातच लिहून ठेवावी. पावसाची वही, खुंट्यांची मापे व या नावांची यादी यांची एकेक प्रत दिवाळीनंतरच्या ठरावास जोडून तहसील कचेरीत द्यावी व पोच घ्यावी.